माझ्या डायरीतलं निर्जन तळं

मंडळी, गेला महिनाभर रोज सकाळी पनवेलहून उलव्याला जाताना वाटेतल्या एका तळ्यापाशी थांबते. मोबाइल बंद करून, समोरचे बगळे बघत डायरी लिहिते.

आज मागून एक आजी आल्या. "काय लिवतेस गो?"

मी वाचून दाखवलं: "शांत, निर्जन तळं. माणसाचा हात न लागलेलं."

त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "तलं नाय गो, आमचं मिठागर व्हतं. तू बसलीस तो बांध मी सासूसंगं चिखल थापून घातलाय."

मी उठून उभी राहिले.

"बस, बस," त्या म्हणाल्या. "आता कोन येतंय हितं?"

पान खोडलं नाही. खाली त्यांचं बांधाचं वाक्य लिहिलं.

तुमच्या आवडत्या शांत जागी आधी कोण राबलंय, कधी विचारलंत?