आमच्या आईची हॉकी

मी अमेरिकन सरकारशी आयुष्यात एकदाच खोटं बोललो. ते सरकार नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण खोटं मात्र पक्कं होतं, शाईनं लिहिलेलं, आणि त्यात मी स्वतःच्या आईला गोवलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायचो: मी, बायको शुभा, नऊ वर्षांची नेहा आणि सांगलीहून आलेली आई. वडील गेल्यावर आई तिकडे एकटी पडली, म्हणून तिला व्हिजिटर व्हिसावर आणली होती. तो व्हिसा एकदा वाढवून झाला होता आणि मे महिन्यात संपणार होता. मी नागरिक झालो तरच आईच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येणार होता, आणि माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता मार्चमध्ये. त्यामुळे त्या फेब्रुवारीत मी इतका जपून वागत होतो, की चुकून हॉर्न वाजला तरी काच खाली करून 'सॉरी' म्हणायचो. (समोर कुणी नसलं तरी.)

अशात टपालानं एक डायरी आली.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या कुटुंबाची निवड झाली आहे.' माझी आजवर कशासाठीच निवड झालेली नव्हती. मी आधी दार लावून घेतलं. डायरीत घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय लिहायला रकाने होते, आणि आठवडाभर टीव्हीवर कोण काय बघत होतं, त्याची नोंद करायची होती. दर पंधरा मिनिटांनी! एवढी पाळत आमच्या हॉस्टेलच्या रेक्टरनंही ठेवली नव्हती.

मी गायकवाडला फोन लावला. हा नागपूरचा, माझ्याच ऑफिसातला, आणि मुख्य म्हणजे वर्षभरापूर्वीच नागरिक झालेला.

"अरे यार, टीव्हीवाले आहेत ते," तो म्हणाला. "कुठला प्रोग्रॅम किती लोक बघतात ते मोजतात. रेटिंग म्हणतात त्याला. भरायची तर भर, नाहीतर फेकून दे."

"पण सरकार बघत नसेल कशावरून?"

"सरकारला तुझा टीव्ही बघायचाय? वेडा झालास का?"

"बरं, तुझ्या इंटरव्ह्यूत काय बघितलं होतं?"

"मॉरल कॅरॅक्टर," गायकवाड जांभई देत म्हणाला.

झालं! मॉरल कॅरॅक्टर! आणि आमच्या घरात आई सोमवार ते शुक्रवार, दुपारी बारा ते तीन, टीव्हीवरच्या मालिका, म्हणजे तिच्या भाषेत 'स्टोऱ्या', ओळीनं तीन बघायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यावाचून काही अडत नव्हतं. संध्याकाळी मी बूट काढत असतानाच ती सुरू व्हायची: "अरे, त्या भुरीनं तिसरं लग्न केलं! दुसरा नवरा अजून दवाखान्यात बेशुद्ध पडलाय, आणि त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही!"

माझ्या डोळ्यांपुढे डायरी वाचणारा साहेब उभा राहिला. 'वय सहासष्ट. आठवड्याला पंधरा तास व्यभिचार.' अशा बाईला कोण ग्रीन कार्ड देणार?

तेव्हा मला हॉकी सुचली. ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे गोरे हॉकीबद्दलच बोलत. हॉकी बघतो तो खरा अमेरिकन, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. शिवाय हॉकी म्हणजे आपलाच खेळ, फक्त इथे बर्फावर खेळतात. म्हणजे हे अर्धंच खोटं झालं, अशी मी मनाची समजूत घातली. (कॉलेजात मी हॉकीच्या टीममध्ये होतो. म्हणजे राखीव. म्हणजे पाण्याची बादली माझ्याकडे होती.) पेपरातलं हॉकीचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन मी डायरी भरायला बसलो, आणि चौघांच्याही नावापुढे खुणा करत सुटलो. आईच्या नावापुढे तर सातही दिवस. तिचं कार्ड व्हायचं होतं ना!

नेहानं खांद्यावरून डोकावून पाहिलं. "बाबा, आजी डझन्ट वॉच हॉकी."

"बघेल पुढे."

"दॅट्स लाइंग!"

"हे लाइंग नाही, हे फॉर्म भरणं आहे. जा, होमवर्क कर."

"अहो, पण आईंना विचारलंत का?" शुभानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तिला काय विचारायचं? तिच्याच भल्याचं आहे," मी म्हणालो, आणि आठवडा संपताच डायरी पोस्टात टाकून आलो.

पुढच्या शनिवारी सकाळी फोन आला. एक बाई, अतिशय गोड आवाजात. त्या गोडव्यानंच मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"सर, तुमच्या डायरीतली एक नोंद जुळत नाही. बुधवारी साडेसात ते दहा तुम्ही चौघांनी हॉकी पाहिली. कुठल्या चॅनेलवर?"

"टीव्हीवर," मी ठामपणे म्हणालो.

"सर, बुधवारची मॅच इथे शिकागोत होती. इथल्या मॅचेस टीव्हीवर दाखवतच नाहीत. लोकांनी तिकीट काढून यावं म्हणून."

म्हणजे पेपरात होतं ते सामन्यांचं वेळापत्रक, आणि मी ते टीव्हीचं समजलो होतो! जो कार्यक्रम अख्ख्या शहरात कुणाच्याच पडद्यावर दिसला नाही, तो आमच्या घरी चार जणांनी अडीच तास पाहिला होता!

"आमचा अँटेना खूप मोठा आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "त्या सहासष्ट वर्षांच्या बाई आहेत का घरात? त्यांनी रोज हॉकी पाहिलीय. आमच्या ऑफिसात सगळ्यांना त्यांच्याबद्दल फार कुतूहल आहे."

मी रिसीव्हरवर हात दाबला. "आई, फक्त 'येस, हॉकी' म्हण!"

"का? मी कुठे बघते हॉकी?"

"तुझ्या कार्डासाठी गं!"

"खोटं बोलून कार्ड? आण इकडे तो फोन." आईनं पदर सारखा केला आणि सांगलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली. "हॅलो! आय मदर! नो हॉकी! ट्वेल्व्ह टू थ्री, स्टोरी! डेली!" मग माझ्याकडे एकदा बघून, जरा हळू, "माय सन गुड बॉय. ओन्ली मच फियर."

रिसीव्हर माझ्याकडे परत आला. "थँक्यू सर. मी सुपरवायझरना तसं रिपोर्ट करते," बाई म्हणाली.

रिपोर्ट!

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले, ते माझं मलाच माहीत. पोस्टमन दाराशी क्षणभर रेंगाळला, की मी सोफ्यामागे. एकदा हातात वही घेतलेला, निळ्या कपड्यातला माणूस घराच्या बाजूला वाकून काहीतरी लिहिताना दिसला. मी चपलांवर, घोटाभर बर्फातून त्याच्यामागे धावलो. "म्हातारीला काही माहीत नव्हतं! सगळं मी लिहिलं! फक्त मी!"

"सर, मी फक्त मीटर बघतो," तो मागे सरकत म्हणाला.

"अहो, आत या! गॅसवाला आहे तो!" शुभा दारातून ओरडली. (मला वाटलं, देशाबाहेर काढताना आधी गॅस तोडत असतील.)

पण एका संध्याकाळी घरी आलो तर आई तिची बॅग काढून त्यात साड्या रचत बसली होती. "जायचंच झालं तर ऐन वेळी घाई नको," ती अगदी शांतपणे म्हणाली. सांगलीच्या घराची किल्ली तिनं रुमालात गाठ मारून वरच ठेवली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इंटरव्ह्यूच्या दिवशी शुभा आणि आई बाहेर बसल्या. साहेब धिप्पाड होता. राज्यघटनेचे प्रश्न मी धडाधड सोडवले. मग त्यानं माझ्याकडे न बघताच कागदावरून वाचलं, "कधी कुणाला खोटी माहिती लिहून दिली आहे?"

"येस सर," मी म्हणालो. "हॉकी."

त्याचं पेन थांबलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: डायरी, वेळापत्रक, अँटेना, आई. सांगून झाल्यावर बेड्यांसाठी हात जवळजवळ पुढे केले.

"ती बुधवारची मॅच?" त्यानं विचारलं. "ती तुम्ही टीव्हीवर पाहिली असं लिहिलंत?"

"येस सर."

"मी जन्मापासून शिकागोत राहतो," तो भरल्या आवाजात म्हणाला. "इथली मॅच टीव्हीवर दिसावी म्हणून टीमच्या मालकांना पत्रं लिहून लिहून थकलो. आणि तुम्ही चौघांनी ती घरी बसून पाहिलीत!" त्यानं मान हलवली आणि कागदावर शिक्का मारला. "ते टीव्हीवाले होते, सर. सरकार नव्हतं. पण एक सांगा, आई जे बघत होती, तेच का नाही लिहिलं?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये सोसाट्याचा वारा होता. आई नऊवारीवर माझं जुनं जाकीट आणि नेहाचे बर्फातले बूट घालून गाडीपाशी उभी होती.

"पास?"

"पास."

"म्हणजे मी राहायचं?"

"राहायचं."

"मग रडतोस कशाला?"

"आई, सरकारच्या भीतीनं लिहिलं ते एक," मी म्हणालो. "पण खरं म्हणजे मला तुझी लाज वाटली. तू जशी आहेस तशी कुणाला दाखवायची लाज. चुकलो मी. माफ कर."

यातलं निम्मं वाऱ्यानं उडवून नेलं. "काय? मोठ्यानं बोल, कानटोपी आहे!"

अमेरिकेत मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "मला तुझी लाज वाटली! मी नालायक आहे! माफ कर!"

दोन गाड्या पलीकडे एक गृहस्थ काचेवरचा बर्फ खरवडत होते. ते थांबले, वळले आणि म्हणाले, "करा हो मावशी माफ. गारठलाय बिचारा."