पावाच्या कडा

एक डोळा मिटायचा, हात पुढे लांब करायचा, मुठीत शिसपेन्सिल उभी धरायची आणि तिच्यावरून अंगठा हळूहळू खाली सरकवायचा. समोरच्याचं नाक त्याच्या कपाळाच्या मानाने केवढं आहे, ते असं मोजतात, हे आम्हां गिरगावकरांना कुठून ठाऊक असणार? विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांकडे पाहून पुरुषाने एक डोळा मिटला, तर आमच्या वाडीत त्याचा अर्थ एकच होता.

"वहिनी, जरा तशाच थांबा," आमचे शेजारी, चित्रकार, म्हणायचे. वहिनी घागर तिथेच टाकून घरात पळायच्या.

त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. घरात ते आणि त्यांची सोवळी आई, दोघंच. दिवसभर शिळाछापखान्यात देवादिकांची चित्रं दगडावर उतरवायची आणि त्याआधी सकाळी चित्रशाळेत विशीच्या पोरांशेजारी बसून शिकायचं. वय चाळिशीला टेकलेलं. कुणी टोकलं की म्हणायचे, "अजून हात बसला नाही." बरी नोकरी असताना या वयात माणूस शाळेत कशाला जाईल? मला काही ते पटेना. मी मुळातच संशयी, दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय गवळ्याला दारातून हलू न देणारा.

मग एका सकाळी ते पाववाल्याकडे दिसले. उपरण्याखाली पाव. आज तुमची मुलं तो चहात बुडवून खातात. तेव्हा विहिरीत पावाचा तुकडा पडला तर अख्खी वस्ती बाटली असं मानणारी माणसं होती, आणि ती बहुतेक सगळी आमच्याच वाडीत राहत होती. चित्रशाळेत शिकवायला साहेब, उपरण्याखाली पाव, म्हणजे माणूस बाटला. आम्ही सुतावरून स्वर्ग गाठला.

बातमी आईपर्यंत पोचली. म्हातारीने मुलाला एका शब्दाने विचारलं नाही. आपली चूल वेगळी मांडली आणि त्याला दाराशी पान वाढू लागली. इथेच त्यांचं घोडं अडलं. वरच्या वर्गात जायचं तर जिवंत माणसाचा चेहरा पेन्सिलीने काढून दाखवायचा होता, आणि कित्येक महिने ते आईचाच काढत होते. नुसते डोळे राहिले होते, आणि आता आई समोर बसेना.

त्यांना विहीर बंद करायची की नाही, हे ठरवायला वाडी चौकात जमली. पुढारी अर्थात अण्णा, आमचे पेन्शनर. चित्रकार पाव आणि चित्राची फळी घेऊनच आले.

"हा खायला नाही, पुसायला आणतो. रबराने कागद खरबरीत होतो. पावाचा गर मळून टिपला की शिसं अलगद उठतं."

कोऱ्या कागदावर रेघ ओढून त्यांनी ती पुसून दाखवली.

"एवढ्याशा रेघेला अख्खा पाव?" अण्णा म्हणाले. "आमच्या डोळ्यांत धूळ फेकता होय?"

चित्रकारांनी फळीवरचं फडकं काढलं. दारात उभी असलेली म्हातारी कागदावरही तशीच्या तशी होती, फक्त डोळ्यांच्या जागी कोरं. त्यांनी गर मळला आणि गालापासून सुरुवात केली. गाल गेला, ओठ गेले, हनुवटीखालच्या सुरकुत्या गेल्या. गर काळाकुट्ट झाला, तो त्यांनी अण्णांपुढे धरला.

"अरे मेल्या, कान तरी ठेव," म्हातारी दारातून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती समोर बसू लागली. चूल मात्र वेगळीच राहिली, कारण अण्णांनी आता नवीन प्रश्न काढला होता. गर पुसायला गेला, कबूल. मग पावाच्या कडा कुठे जातात? मीही उकिरडा पाहिला. तिथे एक कड दिसली नाही. हा प्रश्न आम्ही एकमेकांना पुष्कळदा विचारला, त्यांना कुणीच नाही.

त्याच हिवाळ्यात गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ आली. त्यांना डोलीतून इस्पितळात नेलं, ते परत आले नाहीत. खोली धुवायला सरकारी माणसं आली, तेव्हा सामान बाहेर काढायला मी गेलो. म्हातारी घासलेटचा एक डबा काही केल्या सोडेना. सोवळ्यातल्या बाईने तो दोन्ही हातांनी कवटाळला होता.

मी झाकण उघडलं. आत तोंडोतोंड पावाच्या कडा, वाळून दगड झालेल्या.

"जाताना म्हणाला, हा जपून ठेव, कुणी विचारलं तर दाखव," ती म्हणाली. "मीच कधी विचारलं नाही रे."

मागे भिंतीला फळी टेकलेली होती. या खेपेला त्यांनी आईचे डोळे आधी काढले होते. ओठ राहिले होते.