मुका झालेला संगणक

दुष्काळाची वर्षं होती. एकीकडं औरंगाबादभोवती नव्या इमारती उठत होत्या, दुसरीकडं टँकर मागायला खेड्यांतली माणसं आमच्या ऑफिसात दिवसभर उभी असायची. ती तोंडानं सांगायची, मी अर्ज टाइप करायचे. मला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं संगणक माझ्या कानात वाचून दाखवायचा. डोळसांच्या बरोबरीनं काम करते, याचा मला तोरा होता.

मग वरून हुकूम आला आणि सगळ्या संगणकांवर जुनी प्रणाली काढून लिनक्स बसवलं. फुकटचं, कुणालाही वापरता येणारं, म्हणून सगळे खूश. माझा संगणक मात्र मुका झाला.

"मॅडम, तुमचं ते बोलणारं सॉफ्टवेअर याच्यात चालत नाही," बसवणारा म्हणाला.

साहेब चांगल्या मनानं म्हणाले, "तुम्ही बसा निवांत. पगार कुठं जातोय?"

मी बसले. शेजारच्या बाई खडखड टाइप करत होत्या. शेंद्र्याच्या पलीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळानं त्यांना विचारलं, "ह्या बाई कामाला हायत का पाव्हण्या आल्यात?" बाई हसल्या. मी उगाच ड्रॉवर उघडला, बंद केला. माझं माहेरही मेंढरंवाल्यांचंच. आमच्यात रिकामं बसलेलं माणूस म्हणजे घरावरचं ओझं.

पैठणची माझी एक मैत्रीण, अंधशाळेतली, लिनक्सच वापरायची. तिला फोन करायची मला लाज वाटत होती, कारण माझ्या नोकरीच्या बढाया मी तिलाच मारल्या होत्या. शेवटी केला.

"अगं, वाचणारं त्यात असतंच!" ती म्हणाली. "नुसतं सुरू करायचं." कुठल्या कळा एकदम दाबायच्या, मराठी आवाज कुठून निवडायचा, सगळं तिनं सांगितलं.

संगणक बोलू लागला. नाकातून, अडखळत, पण मराठीत. त्या आनंदात मी पहिलाच अर्ज घेतला, पुन्हा खेटा घालायला आलेल्या त्याच म्हाताऱ्याचा. तो सांगत होता, मी भराभर टाइप करत होते. तपासायला वाचायला लावलं, तर इअरफोनची पिन नीट बसली नव्हती. सगळ्या ऑफिसात आवाज घुमला, "विषय, पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळणेबाबत."

कुणीतरी त्या आवाजाची नक्कल केली. हशा पिकला. मी घाईघाईनं आवाज बंद करायला गेले.

"राहू द्या बाई," म्हातारा म्हणाला. "फिरून वाचू द्या त्याला. माझा कागद मला आजवर कुणी वाचून दावला नाय."

मी पुन्हा वाचायला लावलं.

"माणसं लिवली," तो म्हणाला. "मेंढरं कुठं हायत? म्या सांगितली व्हती की."

त्यानं सांगितली होती. मला काम येतं हे दाखवायच्या घाईत मी ती गाळली होती. मेंढरंवाल्यांची लेक मी. मान वर करवेना. मेंढरं घालून अर्ज पुन्हा वाचायला लावला, तेव्हा तो म्हणाला, "आता बराबर हाय."

दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणू लागले, "आमचाबी कागद बोलू द्या." साहेब कुरकुरले, पण अडवलं नाही. त्यानंतर मी नेहमीच अर्ज मोठ्यानं वाचायला लावत असे, आणि दर वेळी ती गाळलेली मेंढरं आठवून माझे कान तापत असत.