आकारामची तेलावरची बोट

आकाराम कांबळेनं आयुष्यात समुद्र पाहिला एकदा, तोही वऱ्हाडाच्या टेम्पोतून. बोटीत पाय म्हणून ठेवला नाही. आणि ह्या गड्यानं सव्वीस हजार टनांची लढाऊ बोट बांधायला काढली! कागदावर, हो. गडमुडशिंगीच्या दोन खोल्यांत, बायकोच्या, मीनाबाईच्या परातीला ढकलून.

कबनूरला कापड रंगवायचा एक कारखाना होता, तिथं तो बॉयलर अटेंडंट. त्याच्या हाताखाली नऊ फायरमन, दिवसभर फावड्यानं भट्टीत कोळसा टाकणारे. त्यांतला एक गुंडू, मीनाबाईचा धाकटा भाऊ. दाजी म्हणतील ती पूर्व दिशा, असला माणूस.

बॉयलरच्या परीक्षेसाठी आकारामनं जुन्या बाजारातून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. निघालं ते बोटींच्या बॉयलरचं. दुसरा असता तर परत नेऊन भांडला असता. हा डिक्शनरी घेऊन बसला! दोन वर्षांत पुस्तक पाठ, आणि मग डोक्यात किडा वळवळला, की पुस्तकातल्या काळातली, १९१२ सालची एक बोट आपण करायची. जगात कुठं नव्हती अशी. नाव ठेवलं ‘पंचगंगा’.

‘‘बॅटलक्रूझर म्हंत्यात हिला,’’ तो गुंडूला समजवायचा. ‘‘तोफा मोठ्या बोटीच्याच, पण पळायला चपळ. पळायचं म्हंजे वजन कमी पायजे. मग पत्रा पातळ करावा लागतोय.’’

‘‘पत्रा पातळ केल्यावर गोळा आत येणार की वो दाजी.’’

‘‘तितंच तर गोम हाय!’’

आता बघा, ही गोम सुटली कशी. ९५ सालच्या उन्हाळ्यात भट्टीचं दार उघडताना ज्वाळा बाहेर आली आणि गुंडूचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. महिनाभर मीनाबाईनं त्याला आपल्या हातानं भरवलं. आकाराम शेजारी बसून बघत होता आणि आतून पोळत होता. एके दिवशी तो उठला आणि बोटीतला कोळसाच खोडून टाकला. बोट तेलावर! नळ उघडला की तेल आत, भट्टीसमोर कुणी उभंच राहायचं नाही. त्यानं हिशेब मांडला. कोळशाच्या बोटीवर चारशे फायरमन, तेलाच्या बोटीवर नळ बघायला एकशे चाळीस. दोनशे साठ माणसं कमी, त्यांचं खाणं, पाणी, झोपायची जागा कमी. तेवढ्या वजनाचा पत्रा जाड झाला. गणित असं चपखल बसलं की आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं.

कागद म्हणजे तागे गुंडाळायचा खाकी कागद. त्याची ती दहा फुटी गुंडाळी घेऊन तो कामावर गेला, गुंडूला दाखवायला. जेवणाच्या सुट्टीत बॉयलरसमोर पसरली, आणि नेमके आले राजवर्धन, थोरल्या मालकांचे चिरंजीव, पुण्याला इंजिनियरिंग शिकून आलेले.

‘‘काका, हे काय?’’

वीस वर्षांत आकारामला कुणी असं विचारलं नव्हतं. गडी सुटला. तोफा, पंखे, तेलाच्या टाक्या, सगळं सांगितलं. फायरमनच्या आकड्यावर राजवर्धनांचं बोट थांबलं.

‘‘आणि आपल्या बॉयलरला तेल लावलं तर?’’

इथं गप बसायला काय झालं होतं ह्या शहाण्याला? पण नाही. कानावरची पेन्सिल काढली आणि कागदाच्या कडेला लिहून दिलं, कोळशाला नऊ, तेलाला एकही नाही. भट्टीपाशी फावडं धरून उभा असलेला गुंडू छाती काढून म्हणाला, ‘‘दाजींचा नाद न्हाय करायचा, मालक!’’

चार महिन्यांत तेलाचा बर्नर आला. नऊच्या नऊ फायरमनना नमस्कार.

आकाराम ऑफिसात धावला. ‘‘मालक, निदान गुंडूला तरी ठेवा.’’

राजवर्धन वाईट माणूस नव्हते. त्यांनी फायलीतून खाकी कागदाचा फाडलेला कोपरा काढला आणि हळूच म्हणाले, ‘‘काका, हे तुमचंच अक्षर आहे ना?’’

कपाळ! अक्षर त्याचंच होतं, आणि हिशेब बरोबर होता.

गुंडू भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. बायकोपोरांना घेऊन तो गगनबावड्याकडं खडीच्या क्रशरवर गेला. मीनाबाई मात्र बोलली. ‘‘तुमच्या बोटीनं माझा भाऊ खाल्ला,’’ म्हणाली, आणि त्यानंतर बोटीचं नाव त्या घरात निघालं नाही.

पण आकाराम काम करतच राहिला. दिवसा बर्नरचं बटण दाबायचं आणि घरी येऊन कागद पसरायचा. ‘पंचगंगा’ त्यानं परत कोळशावर घेतली. दोनशे साठ माणसं परत बोटीवर घ्यायची, बस्स. कोळशाच्या खोल्या वाढवल्या, बोट पाण्यात खाली बसली. पत्रा कमी केला, तरी खाली. दोन तोफा उतरवल्या, एक धुराडं उडवलं, तरी माणसं काही मावेनात. आठ वर्षं तो खोडत राहिला. खोडरबरानं कागदाला भोकं पडली, पण गुंडूला उभं करायला जागा निघेना.

२००५ ला तेल महाग झालं. राजवर्धनांनी कोळशाची भट्टी परत आणली. ‘‘काका, जुनी माणसं बघा की आपली. गुंडूला आणा आधी.’’

आकाराम जोडे घालायला विसरून एसटीत बसला म्हणा ना! गगनबावड्याच्या अलीकडं क्रशरपाशी पत्र्याच्या खोलीत गुंडू बाजेवर बसला होता. पंचेचाळिशीचा माणूस साठीचा दिसत होता. छातीत खडीची धूळ बसलेली, दोन वाक्यं बोलला की दम खायचा.

‘‘चल. मालकानं बोलिवलंय. फावडं वाट बघालंय तुझी.’’

गुंडूनं भाजलेल्या हाताकडं बघितलं. ‘‘तांब्या उचलंना, दाजी. फावडं कुठलं!’’ मग बराच वेळ श्वास गोळा करून त्यानं विचारलं, ‘‘ती बोट झाली का पुरी?’’

आकाराम बाजेच्या कडेला टेकला. ‘‘परत कोळशावर घेतलीया. तुला घ्यायचंय तिच्यात.’’

‘‘कोळशावर?’’ गुंडू हसायला गेला आणि खोकला. ‘‘मग बुडंल की वो! तुम्हीच सांगितलतासा.’’

‘‘व्हय,’’ आकाराम म्हणाला. ‘‘लई करून बघितलं, गुंडू. बुडतियाच.’’

गुंडूनं मान हलवली, आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोला दाजींसाठी चहा टाकायला सांगितला.