आत्तींसाठी बघितलेलं घर

आम्ही कोल्हापुरात राहायला आलो, त्यानंतर पाच आठवड्यांनी माझा नवरा वारला. सकाळी तो दुकानातून बल्ब घेऊन आला. स्टुलावर चढून त्याने तो लावला. खाली उतरला, खुर्चीत बसला आणि मग उठला नाही. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणायच्या आधीच संपलं होतं.

त्याआधीचं जवळजवळ वर्षभर आमच्या पुण्याच्या घरात एकच विषय होता, तो म्हणजे कुठे राहायचं. नवऱ्याची नोकरी घरून करायची झाली होती. माझं काम पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं, ते पहिल्यापासून घरूनच. आपल्याला कुठेही राहता येईल असा शोध त्याला लागला, आणि असा शोध लागल्यावर माणसाला आहे तिथे राहणं कठीण जातं. मुलगी बघायला जावं तसे आम्ही सुट्टीच्या दिवशी गावं बघायला जाऊ लागलो. नाशिकला ओळखीचं कोणी नाही म्हणून ते बाद झालं. साताऱ्याला ओळखीचे फार, म्हणून तेही. बेळगाव मला आवडलं, कारण तिथल्या एका वाचनालयात दुपारभर बसू दिलं. मला आवडलेली गावं आमच्या चर्चेत फार टिकत नसत.

कोल्हापूर पहिल्यापासून ठरलेलं होतं. बाकीची गावं तुलना झाली असं वाटावं म्हणून बघितली. त्याचं गाव गगनबावड्याच्या वाटेवर आणि कॉलेजचं शिक्षण कोल्हापुरात, वसतिगृहात राहून झालेलं. कोल्हापूरच्या बाजूने त्याच्याकडे मुद्दे पुष्कळ होते. दूध चांगलं, पाणी चांगलं, कुठूनही कुठे जायला वेळ लागत नाही आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर. "इथं माणसं जास्त जगतात," असं तो जेवताना सांगायचा, भाताबरोबर बिरड्याची उसळ कशी छान लागते हे सांगावं तितक्या सहज.

पण खरा मुद्दा आत्तींचा होता. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याकडे सासूला आत्ती म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सासरे गेल्यावर गावचं घर बंद करून आम्ही त्यांना पुण्याला आणलं होतं, सातव्या मजल्यावर. तिथे त्या कमी बोलायच्या. दुपार झाली की दाराशी जाऊन उभ्या राहायच्या आणि लिफ्टचा आवाज ऐकायच्या. नवऱ्याने हे पाहिलं आणि त्याच्या मनाने घेतलं. "आई तिथं कोंडल्यासारखी झाली आहे. तिला पायाखाली जमीन पाहिजे," असं तो सगळ्यांना सांगू लागला. हे वाक्य इतकं चांगलं होतं की त्यावर आत्तींचं मत घ्यावं असं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मग कोल्हापुरात घरं बघायला सुरुवात झाली. एजंट पन्नाशीचा होता, मोटारसायकलवरून पुढे जायचा आणि प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायचा.

"या पावणं, हिकडनं या."

"अहो, मी पाहुणा नाही. इथलाच आहे. गगनबावडा रोडवर गाव आहे माझं," नवरा म्हणाला.

"व्हय की. खरं आता कुठनं आलासा?"

"पुण्याहून."

"मग पावणंच की!"

याचं त्याला वाईट वाटलेलं मला दिसलं. पुण्यात वीसेक वर्षं तो स्वतःला कोल्हापूरकर म्हणवून घेत होता आणि तिथे ते सगळे मानत होते. इथे यायला निघाला आणि पुण्याचा झाला.

ताराबाई पार्कात झाडं होती आणि भाड्यात झाडंही धरलेली होती. राजारामपुरीतल्या फ्लॅटची स्वयंपाकघराची खिडकी समोरच्यांच्या स्वयंपाकघरात उघडत होती, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात इतकी जवळ. मंगळवार पेठेत घर चांगलं होतं. मालकांनी चहा दिला आणि विचारलं, "फुटबॉलला कुठल्या टीमचं तुम्ही?" नवऱ्याने पुण्याच्या सवयीने सांगितलं, "आम्ही तसे न्यूट्रल."

मालकांनी कप खाली ठेवला. "पेठेत ऱ्हायचं आन न्यूट्रल? पावणं, तुमी मग ताराबाई पार्कातच बघा की."

शेवटी फुलेवाडीत, हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत, तळमजल्याचं घर मिळालं. वर मालक, खाली आम्ही, पुढे ओटा. ओट्यावरून गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचा तुकडा दिसतो आणि त्यातून गगनबावड्याची एसटी जाताना दिसते. नवऱ्याने आत्तींना ओट्यावर उभं केलं आणि गाडी येईपर्यंत थांबवलं. गाडी आली, गेली.

"बघ आई, आपल्या गावची गाडी."

"बरं हाय," आत्ती म्हणाल्या.

त्याचे डोळे भरून आले. आत्तींच्या तोंडून 'बरं हाय' म्हणजे फार झालं, असं त्याने मला परतीच्या वाटेवर समजावून सांगितलं. पुण्याचा फ्लॅट आम्ही टेबल-खुर्च्यांसकट भाड्याने दिला आणि बाकीचं सामान हलवलं. माझी पुस्तकं पुढच्या खोलीत भिंतीला लावली. पहिल्या पंधरवड्यातच भिंतीला ओल आली आणि शब्दकोशांना बुरशी धरू लागली. नवरा म्हणाला, ऊन पडलं की जाईल. ऊन पडलं तेव्हा गेलीही, पण तोवर तो नव्हता.

तो गेल्यावर घरात माणसं आली. कोण कुठलं हे मला अर्ध्यांचं माहीत नव्हतं. गल्लीतल्यांनी मांडव घातला, चौकातल्या फळ्यावर नाव लिहिलं. नावापुढे 'आपल्या गल्लीतील रहिवासी' असं लिहिलेलं होतं. पाच आठवडे तो या गल्लीत पुण्याचं पावणं होता. रहिवासी व्हायला त्याला एवढं करावं लागलं. आमच्या घरात चूल पेटली नाही, तरी सकाळ-संध्याकाळ शेजारच्या घरांतून भाकऱ्या, पिठलं, भात येत राहिला. डबे द्यायला येणाऱ्या बायका बसायच्या आणि बसल्या की सगळं विचारायच्या: काय त्रास होता, गोळ्या चालू होत्या का, मूल का नाही. पुण्यात आमच्या इमारतीच्या ग्रुपवर सर्वांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. त्यांना उत्तर द्यावं लागत नव्हतं, ही त्यांची चांगली बाजू.

माझ्या लक्षात आलं की शहरांची तुलना थांबलेली नाही. फक्त ती करणारा बदलला होता.

"पुण्यात असते तर वाचले असते हो," पुण्याहून आलेले माझे मावसभाऊ म्हणाले. "तिथे सगळ्या सोयी."

"सोयी हाईत, खरं पोचायचं कवा?" शेजारचे काका लगेच म्हणाले. "ट्रॅफिकमदीच गेलं असतं. हितं धा मिनिटांत दवाखान्यात नेलं आमी."

"नेलंत, पण उपयोग काय झाला?"

"न्हाय झाला. खरं नेलं का न्हाय टायमात?"

मग काकांना आणखी एक मुद्दा आठवला. "आन आमच्या कोल्हापुरात मातीला एक पैसा पडत न्हाय बघा. पुण्यात हाय का असलं?" अंत्यसंस्कार इथे महापालिका फुकट करते, हे मावसभावांना माहीत नव्हतं. त्यांनी मान्य केल्यासारखी मान हलवली. नवरा असता तर त्याने हा मुद्दा जरूर लावून धरला असता. त्याच्या वर्षभराच्या तुलनेत तो राहून गेला होता.

रक्षाविसर्जन झालं आणि माणसं पांगली. मग उरलेल्यांना प्रश्न पडला की आत्तींचं काय. हा प्रश्न आत्तींच्या समोर, त्या भिंतीला टेकून बसलेल्या असताना विचारला जायचा, पण त्यांना नाही. मला मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर मी त्यांची कोण, हे कुणालाच नीट सांगता येईना. माझा भाऊ फोनवर म्हणाला, "तू पुण्याला ये. तुझं काम कुठूनही होतं." माझं काम कुठूनही होतं ही गोष्ट तोवर सगळ्यांच्या उपयोगी पडली होती, आताही पडली. गावच्या चुलतदिरांनी गावच्या घराची किल्ली आपल्याकडे आहे, एवढंच सांगितलं. नणंद इचलकरंजीला असते, दुकानावरच्या दोन खोल्यांत पाच माणसं. ती म्हणाली, "वहिनी, मी रविवारी येऊन आईला घेऊन जाते. अडचण आहे, पण बघू."

मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात याला ठरलं असं म्हणतात.

शुक्रवारी दुपारी मी मुद्रितं घेऊन बसले होते. आतून काही आवाज येईना म्हणून गेले, तर आत्ती पलंगावर पिशवी उघडून लुगड्यांच्या घड्या घालत होत्या.

"हे काय करताय आत्ती?"

"भरून ठेवती. आयत्या वक्ताला गडबड नगं."

"कुठे जायचंय?"

"ते तुमी ठरीवणार. मी आपली भरून ठेवती."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी आणखी एक लुगडं घडी करून पिशवीत दाबलं. पिशवी लहान होती. गावचं घर बंद करताना त्यांनी हीच भरली होती, पुणं सोडतानाही.

"तुम्हाला कुठे राहायचंय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "का? सांगिटलं की तिथं ऱ्हायला मिळतंय व्हय?"

"सांगा तर."

"मला पुण्यात बरं हुतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या माझं मन राखायला म्हणत असतील. पण आत्ती कुणाचं मन राखायला बोलत नाहीत. त्या सांगत गेल्या. पुण्यात दुपारी त्या लिफ्टने खाली जायच्या. फाटकाजवळच्या बाकावर आत्ती धरून चौघी म्हाताऱ्या बसायच्या, एक गुजराती, एक तेलुगू आणि एक नागपूरकडची. पाचव्या मजल्यावरची गुजराती बाई वर येऊन यांना घेऊन जायची, म्हणून त्या लिफ्टच्या आवाजाकडे कान देऊन दाराशी उभ्या राहायच्या. त्या खाली जायच्या तोवर नवरा आणि मी दोघेही दार लावून पुन्हा कामात असायचो.

"काय बोलायचा तुम्ही चौघी?"

"काय बोलनार? एकीचं एकीला कळत न्हवतं. कधी भांडान न्हाय झालं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आन तिथं कोन इचारत न्हवतं, म्हातारे कुठं निघालीस म्हणून. हितं वट्यावर बसलं की जानारा येनारा इचारतोय."

"मग आलात कशाला? नको म्हणायचं होतंत."

"ल्योक म्हणतोय आईसाठी, आईसाठी. आईनं काय म्हणायचं? नगं?" त्या माझ्यावर खेकसल्या. "त्याला यायचं हुतं हिकडं. सरळ म्हणाय जमंना म्हणून माझं नाव घेत हुता. म्हटलं, घिऊ दे. आन तू गं? तुला तरी कुठं यायचं हुतं?"

"मला वाटलं, तुम्हाला यायचंय."

"श्यानी हाईस," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तो गेल्यानंतर या घरात कुणी पहिल्यांदा हसलं. हसता हसताच त्यांना रडू आलं, मग मलाही.

त्याला स्वतःला यायचं होतं की नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या पाच आठवड्यांत तो दोनदा म्हणाला होता की पुण्याचा चहावाला चहा चांगला करायचा. आता त्याला विचारता येत नाही. कदाचित तोही आईसाठीच आला असेल.

रविवारी नणंद आली. पिशवी भरलेली होती, पण मी ती पलंगाखाली सरकवली.

"आत्ती माझ्याजवळ राहतील," मी म्हटलं.

"कुठे? पुण्याला का इथं?"

"ते आम्ही दोघी बघतो."

"वहिनी, आज म्हणताय. उद्या जड होईल." ती रागावली नव्हती, तिला सुटल्यासारखंही झालं होतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

"मी काय लोखंडाची हाय व्हय जड व्हायला?" आत्ती भिंतीजवळून म्हणाल्या. "जेवून जा. आन ती पिशवी काढा गं कोनतरी, लुगडी चुरगाळत्यात."

नणंद गेल्यावर मी आत्तींना सांगितलं की भाडेकरूंना सांगून पुण्याचा फ्लॅट रिकामा करून घेता येईल. बाक आहे, मैत्रिणी आहेत, माझं तिथलं नेहमीचं वाचनालय आहे. मला वाटलं होतं, त्या लगेच हो म्हणतील. त्यांनी बराच वेळ तांदळातले खडे काढले.

"नगं," त्या म्हणाल्या.

"परवाच म्हणालात, तिथं बरं होतं."

"हुतं. खरं आता लिफ्ट वाजली की त्योच आला असं वाटंल. तिथल्या समद्या खुर्च्या त्याच्याच हाईत."

मी पुण्याचं घर डोळ्यांसमोर आणलं. बाल्कनीतली त्याची जागा, जेवायच्या टेबलाची खिडकीकडची बाजू, गादी भिजते म्हणून मी ओरडायचे तो त्याच्या ओल्या टॉवेलचा कोपरा. आत्ती म्हणत होत्या ते खरं होतं. या घरात तो पाच आठवडे राहिला आणि त्यातला बराच वेळ स्टुलावर चढून खिळे ठोकण्यात गेला. ती शेवटची खुर्ची सोडली तर इथे त्याची अशी जागा ठरायला वेळच मिळाला नाही. वर्षभर इतकी गावं, इतकी घरं त्याने तोलून पाहिली, पण त्याच्याशिवाय राहायला कुठलं बरं पडेल हे काही पाहिलं नव्हतं. तरी नेमकं तेच घर त्याने निवडलं होतं.

मालकांना मी करार वाढवायला सांगितलं. पुस्तकांची कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढली. फुलेवाडीच्या या घरात आता आत्ती आणि मी राहतो.