फळीमागे सर्व कोरडे

बंद वस्तू बघून गप्प बसणं घड्याळकाकांना कधी जमलं नाही. चाळीस वर्षं बाजारातल्या एका जिन्याखाली, डोळ्याला भिंग लावून, ते लोकांची घड्याळं उघडत आले. घड्याळ चालू झालं की गिऱ्हाईक खूश, पण काकांचा जीव अडकायचा तो 'बंद का पडलं' यात. कारण सापडलं नाही तर चालू झालेलं घड्याळही ते पुन्हा उघडत, आणि गिऱ्हाईक बिचारं ताटकळत उभं. अशा माणसाने घर घेताना मात्र एकही फळी उघडून पाहू नये, याला काय म्हणावं?

नाही म्हणायला त्यांनी घर तपासून द्यायला एक तपासनीस नेमला होता. घर हवं होतं ते ताईसाठी. काका नऊ वर्षांचे असताना आई गेली आणि सोळा वर्षांच्या ताईने त्यांना लहानाचं मोठं केलं. आता ताईचे गुडघे कामातून गेले होते आणि तिची भाड्याची खोली होती तिसऱ्या मजल्यावर. या घराला जिनाच नव्हता. मागच्या खोलीत भरपूर उजेड होता आणि खिडकीपाशी पलंग मावत होता. तपासनीसाने बत्तीस पानांचा अहवाल दिला, फोटोंसकट. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'मागच्या खोलीच्या जमिनीखालची पोकळी तपासली. फळीमागे सर्व कोरडे, तुळया भक्कम.' काकांनी सही केली.

राहायला येऊन आठवडाही झाला नाही, तोच मागच्या खोलीची लाकडी जमीन खिडकीपाशी पायाखाली दबायला लागली. काकूंना कुबट वास येत होता. काकांचे हात शिवशिवायला लागले. भिंतीतल्या कपाटाच्या तळाशी, भिंतीच्याच रंगात रंगवलेली एक फळी होती, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. काकांनी खाचांमधला रंग खरवडून तीन स्क्रू काढले. चौथ्यापर्यंत त्यांना धीरच धरवेना, म्हणून त्याच्याभोवतीच फळी फिरवून बाजूला सरकवली आणि आत टॉर्च मारला. खाली पाणी चकाकत होतं. गळका पाइप थेंबथेंब ठिबकत होता, आणि जवळच्या तुळईत स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत शिरला.

"अहो, काय आहे आत?" काकूंनी विचारलं.

"मी विचार करतोय, त्याला इथे कोरडं काय दिसलं असेल?"

"तुम्हाला अजून कुतूहलच पडलंय! त्याला फोन लावा आधी."

फोन लावला. तपासनीसाने कानावर हात ठेवले. घर विकणाऱ्यांनीही 'आम्हाला काहीच कल्पना नव्हती' म्हणून हात झटकले. सुताराला उद्याच बोलवावं आणि महिन्याभरात ताईला घेऊन यावं, असं काकांच्या मनाने घेतलं. पण काकू शाळेच्या ग्रंथालयात आयुष्यभर कागद सांभाळत आलेल्या. त्यांनी करार, अहवाल आणि काकांना उचललं आणि वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाईंनी सगळं वाचून काढलं आणि पहिलंच सांगितलं, "सुताराला बोलवायचं नाही. आधी लेखी नोटीस जाईल. तपासनीसाला येऊन बघायची संधी द्यायची, आणि दुसऱ्या तपासनीसाकडून लेखी अहवाल घ्यायचा. तुम्ही आज दुरुस्त केलंत, तर उद्या ते म्हणतील, काही बिघडलंच नव्हतं."

"पण तपासनीसाशी केलेल्या करारात लिहिलंय, चूक झाली तर जबाबदारी फक्त फीपुरती," काकू म्हणाल्या. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून आणली होती.

"नजरचुकीसाठी ते कलम पुढे करतील. पण न बघताच 'तपासली' असं लिहिणं ही नजरचूक नाही. ते सिद्ध करता आलं तर हे कलम टिकणं अवघड आहे. त्याला परवाना देणाऱ्या मंडळाकडे तक्रार करता येईल, त्याचा विमा असेल तर तिथे दावा लावता येईल. विकणाऱ्यांना ओल माहीत होती असं निघालं, तर त्यांच्यावरही. कोर्ट सगळ्यात शेवटी, पण मुदत चुकवायची नाही. मला सांगा, ती फळी त्याने उघडली नव्हती, हे कशावरून?"

"खाचांत रंग भरलेला होता ना!" काका उत्साहाने म्हणाले. "स्क्रू ड्रायव्हर लागलाच नव्हता कधी."

"छान. आता कुठे आहे तो रंग?"

काकांचा चेहरा पडला. पुरावा त्यांनी स्वतःच्या हातांनी खरवडून केराच्या टोपलीत टाकला होता. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना वाटलं, आपणच त्या पोकळीत शिरावं. मग काकूच म्हणाल्या, "अहो, आणि तो न काढलेला?"

चौथा स्क्रू. दुसऱ्या तपासनीसबाई आल्या, त्यांनी काकांचंच भिंग मागून घेतलं आणि फोटो काढले. खाच काठोकाठ भरलेली, रंगावर जुनी धूळ, कुठे साधा ओरखडा नाही. काका त्यांच्या मागे मागे प्रश्न विचारत फिरत होते, शेवटी काकूंनी त्यांना चहा करायला पाठवलं.

नोटीस मिळाल्यावर पहिला तपासनीस आला. साठीचा, इस्त्रीचे कपडे. वकीलबाईंसमोर त्याने तो स्क्रू पाहिला, मग खाली बसून आतला अंधार पाहिला. काकांनी रागावून बोलावं म्हणून काकू वाट बघत होत्या. काकांनी विचारलं, "मला एवढंच सांगा, तुम्ही असं का लिहिलंत?"

"कपाट सामानाने भरलं होतं," तो म्हणाला. "आणि तुम्ही दारात उभे होतात. दोनदा म्हणालात, घर पसंतच आहे, फक्त तुमचा कागद हवाय. बाईसाहेब पडद्याचं माप घेत होत्या. इतके खुशीत होतात तुम्ही. मला वाटलं, असून असून काय असणार खाली? लोकांना चांगलंच ऐकायचं असतं हो."

"आम्हाला खरं ऐकायचं होतं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

वकीलबाईंनी त्याचं बोलणं लिहून घेतलं आणि त्याने खाली सही केली. विमा कंपनीकडे दावा गेला. समेटाच्या बैठका होतील, वेळ लागेल, पण बाजू भक्कम आहे, असं वकीलबाई म्हणाल्या. काकू समाधानाने फाइल बांधायला बसल्या. काका मात्र फोनकडे बघत बसले.

कारण चार महिने दर रविवारी ताईचा फोन येत होता. "कशी आहे रे माझी खोली?" आणि चार महिने काका सांगत होते, "एकदम झकास, रंगकाम चाललंय."

त्या रविवारी तिने तेच विचारलं.

"ताई, मी तुला थापा मारतोय," काका म्हणाले. "रंगबिंग काही नाही. खोलीखाली पाणी आहे, तुळया कुजल्यात. कधी होईल सांगता येत नाही."

"अरे, एका खोलीला रंग द्यायला चार महिने लागतात होय?" ताई म्हणाली. "मी सामान बांधलेलंच नाही अजून."

काकांचे डोळे भरून आले. "मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, तू कधी सांगतोस त्याची. जिने मी चढतेय अजून, हळूहळू. आता मला सगळं पहिल्यापासून सांग. खाली नेमकं काय निघालं?"