चोरून म्हटलेला य

समोरचा माणूस बोलायला लागला की अक्का उजव्या हाताची दोन बोटं पालथी करून त्याच्या गळ्याला लावत. विचारत नसत. पोस्टमन असो, शेजारीण असो, वळण कुणामुळे चुकलं हे तावातावाने सांगणारा रिक्षावाला असो. "बोल, बोल. घाई करू नको. घसा आहे तो, नळ नव्हे." माझ्या गळ्याला ती बोटं पहिल्यांदा लागली तेव्हा मी दचकून मागे सरकले होते. बोटांना स्पिरिटचा वास होता आणि ती थंडगार होती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हुद्दा सगळ्यांत खालचा, आणि त्यांच्याशिवाय जागा चालत नाही. आमची जागा म्हणजे म्हैसूरच्या अग्रहार भागातलं तीन खोल्यांचं वाचा-उपचार केंद्र. ऐकू न येणारी मुलं आणि पक्षाघाताने वाचा गेलेली मोठी माणसं तिथे बोलायला शिकायला येत. अक्का तिथे मदतनीस होत्या. आरसे पुसायचे, जीभ दाबायच्या पट्ट्या उकळायच्या, मेणबत्ती, कापूस, कागदाच्या झिरमिळ्या टेबलावर मांडायच्या. कागदावर त्यांचं काम एवढंच होतं. पण तीस वर्षं आरशाच्या बाजूला उभं राहून त्यांनी हजारो तोंडांच्या आत पाहिलं होतं. कुठला आवाज कुठे तयार होतो, हे त्यांना एखाद्या सुतारणीला लाकडाची नस कळावी तसं कळे.

मी लातूरहून आलेली. पालकांसाठी माहितीपत्रकं लिहायला मला ठेवलं होतं. पत्रकं माझ्या रक्तातच होती म्हणा. वडील ती लिहीत, आई दारोदार वाटे, आणि मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर पाढे लिहिले. मातृभाषेच्या हक्कावरची तर मला तोंडपाठ होती. तरीही मी अक्कांचं मराठी दुरुस्त करत असे. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले; घरात मराठी टिकलं, पण निम्मं कन्नड होऊन.

"'सरी' नाही अक्का, 'बरं' म्हणा."

"सरी. बरं म्हणते."

मी हसायचे. त्याही हसायच्या. मला तेव्हा वाटायचं, आम्ही एकाच गोष्टीला हसतो आहोत.

मग एक दिवस अण्णा आले. हे नाव अक्कांनीच दिलेलं. बासष्ट वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच डच माणूस. दर हिवाळ्यात योग शिकायला म्हैसूरला यायचा. एका सकाळी भाड्याच्या खोलीत पडला. उजवा हात गेला, वाचा गेली. इथे सगळ्यांशी ज्या इंग्रजीत बोलायचा, ती तर पुसूनच गेली. डॉक्टरांनी तीन महिने विमानप्रवास बंद केला होता. मायदेशी त्याची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई होती. भाची दर रविवारी आपल्या दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, त्या आईच्या घरून व्हिडिओ कॉल करायची. म्हातारीचं मागणं एकच होतं, ते भाचीने आम्हाला इंग्रजीत सांगितलं: "मी घरी येतोय, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचंय. मग मी वाट बघेन."

पहिल्याच रविवारी अण्णांनी फोन डाव्या हाताने टेबलावर पालथा घातला.

आमच्या मॅडम, म्हणजे केंद्रातल्या उपचारतज्ज्ञ, इथल्याच, तरुण आणि हुशार. त्यांचा नियम असा, की उपचार मातृभाषेतच व्हायचा. मी मनातून टाळ्या वाजवल्या. पण डच कुणाला येत होतं? मी इंटरनेटवरून ध्वनिफिती गोळा केल्या, चित्रांची कार्डं केली, आणि आम्ही तिघी आधी स्वतः शिकायला बसलो.

तुम्ही कधी डच 'ग' ऐकला आहे का? लिहितात ग, पण येतो घशाच्या तळातून, खरवडत. दोन दिवसांत माझा आवाज बसला. मॅडमना नुसता खोकला आला. अक्का मात्र उठल्या, पेलाभर पाणी घेतलं, मान मागे टाकली आणि गुळण्या करू लागल्या. मग कमी पाणी, मग एक घोट, मग एक थेंब. शेवटी पाणीच नाही, नुसता घसा. आणि त्या कोरड्या घशातून तो आवाज आला. हुबेहूब ध्वनिफितीतला. मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

"कसं केलंत?" मॅडमनी विचारलं.

"पाणी काढून टाकलं. आणि काय?"

'घर'साठीच्या डच शब्दातला स्वर तर याहून अवघड. जीभ 'ए' म्हणते, ओठ 'ओ' म्हणतात, आणि तिथून दोघं मिळून घसरतात. अक्का तीन दिवस आरशापुढे बसल्या. चौथ्या दिवशी तोही आला. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईकडे मी बघत राहिले. व्याकरण, पुस्तक, पदवी, यातलं काहीही मध्ये न घेता एखादी भाषा थेट स्नायूंत उतरताना मी पहिल्यांदा पाहत होते.

पण अण्णांना ते जमेना. घराचं कार्ड दाखवलं की ध्वनिफीत एक म्हणे आणि अण्णा म्हणत, "हूस." 'मी'साठी ध्वनिफितीत 'इक', तर अण्णा म्हणत, "इश." आणि तो घशातला ग त्यांच्या तोंडून मऊ, गळल्यासारखा निघे. मॅडम तक्त्यावर फुली मारत आणि शेजारी लिहीत, घशाचे स्नायू ढिले. पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. अण्णांनी दोनदा केल्या, तिसऱ्यांदा पेला ढकलून दिला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कार्डांपुढे तोंड उघडणंच सोडलं. रविवारी फोन वाजला की ते भिंतीकडे वळून बसत, आणि पलीकडून ती म्हातारी त्यांच्या पाठीशीच बोलत राही.

अक्का त्यांच्याशी सरळ मराठीत बोलत. "कन्नड ह्याला कळत नाही, मराठी कळत नाही. मग माझ्या सोयीचं बोलते की!" व्यायाम करून घेतानाही त्यांची बडबड चाले. उजवा हात धरून वरखाली करायचा आणि अण्णांनी आकडे मोजायचे. वाचा गेलेल्या माणसाचे पाठ केलेले आकडे, शिव्या, प्रार्थना पुष्कळदा शाबूत राहतात. जिभेला ती वाट पायाखालची असते. तेव्हा अण्णा पुटपुटत मोजत, आणि अक्कांची दोन बोटं त्यांच्या गळ्याला.

एका दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"ए पोरी, ह्याची चूक रोज तीच आहे."

"म्हणजे?"

"आजारी माणसाची चूक रोज नवी असते गं. आज 'क'चा 'त', उद्या 'क'चा 'ग', परवा काहीच नाही. ह्याचे आकडे ऐक. ह्याच्या नऊमध्येही तो ग आहे, तोच मऊ आवाज, रोज, त्याच जागी. रोज तेच, मग चूक कशी? आणि घसा ढिला नाही. मी हात लावून बघितलं. आवाज पुढून येतो, टाळूवरून. मुद्दाम तिथूनच." मग त्यांनी विचारलं, "ह्याचा गाव कुठला?"

मला माहीत नव्हतं. मॅडमना माहीत नव्हतं. देश आम्ही लिहून घेतला होता. गाव कुणी विचारलंच नव्हतं.

भाचीला विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं. देशाच्या अगदी दक्षिणेच्या टोकाचं, टेकड्यांतलं एक खेडं. तिकडे घशात खरवडणारा ग नाही. तिकडचा ग मऊच. घराला तिकडे 'हूस' म्हणतात. मी म्हणजे 'इश'. आजीला तर टीव्हीवरचं डच बोलायला आवडतही नाही, असं तिने गमतीने लिहिलं होतं.

मी तो तक्ता काढला. तीन आठवड्यांच्या फुल्या. पक्षाघातातून जे काही वाचलं होतं, जे त्या माणसाने ढिगाऱ्यातून एकेक करून आमच्यापुढे आणून ठेवलं होतं, ते सगळं आम्ही आजार म्हणून खोडलं होतं. त्याच्या आईची बोली आम्ही बरी करायला निघालो होतो. आणि प्रमाण कोण ठरवत होतं? मी. घरच्या बोलीच्या पत्रकांवर वाढलेली मी. ज्या ध्वनिफिती आधी सापडल्या, त्याच मी शुद्ध धरल्या.

"अक्का, तुमच्या कसं लक्षात आलं?"

त्या कापूस पिंजत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला पण लोक नीट करत असतात की. मला माहीत आहे तोंड कसं होतं तेव्हा."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी अक्का अण्णांसमोर खुर्ची ओढून बसल्या. मॅडमनी तक्ता फाडून टाकला होता. त्यांचं हे मोठेपण मी विसरणार नाही. अक्कांनी घराचं कार्ड उचललं आणि म्हणाल्या, "हूस."

अण्णांनी मान वर केली.

"हौदू, होय अण्णा, हूस. चुकलं आमचं. आता तू शिकव."

त्यांनी अण्णांचा चांगला, डावा हात उचलला आणि त्याची दोन बोटं आपल्या गळ्याला लावली. मग त्यांनी मऊ ग काढला. अण्णांनी मान हलवली: नाही. पुन्हा. नाही. अण्णांनी स्वतः करून दाखवलं. पुन्हा नाही. तीस वर्षं जी बाई आरशाच्या बाजूला उभी होती, ती आरशासमोर विद्यार्थिनी होऊन बसली होती. आणि जो माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा, तो तिची चूक पकडायला पुढे झुकला होता. सहाव्या वेळी अक्कांच्या तोंडून मांजर फिस्कारल्यासारखं काहीतरी निघालं आणि अण्णा हसले. फक्त डावीकडून, पण हसले.

तो आवाज सापडायला अक्कांना आठ दिवस लागले. खरवडणाऱ्या 'ग'पेक्षा हा अवघड, कारण त्यात पकडायला काही नाही. कागदाची झिरमिळी ओठांपुढे धरून त्या श्वास मोजत. एके सकाळी स्पिरिटची बाटली हातात घेऊन त्या दारातच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "य म्हण. पण चोरून. आवाज न करता." मी कुजबुजत य म्हटला. आला! टाळूवरून, मऊ. मी लातूरची, त्या म्हैसूरच्या, आणि आमच्या दोघींच्या तोंडात त्या दूरच्या टेकड्यांतला वारा.

त्यानंतर अण्णांनी रोज शब्द आणले. आम्ही काहीच शिकवलं नाही. आम्ही फक्त खोडणं थांबवलं.

पाचव्या रविवारी फोन वाजला. अक्कांनी तो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर पांढऱ्या केसांची म्हातारी, शेजारी भाची. अण्णा भिंतीकडे वळले नाहीत. बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलले. मॅडम मदतीला पुढे झाल्या, तशी अक्कांनी त्यांना डोळ्यांनीच मागे सारलं. घाई नको.

"इश," अण्णा म्हणाले. थांबले. "इश... कोम... हूस."

मी येतो. घरी.

म्हातारीने दोन्ही हात तोंडावर नेले. मग ती जे बोलू लागली ते थांबेचना. सगळं मऊ, सगळं टाळूवरून. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि माझे डोळे भरले. ती थांबली तेव्हा अक्का पडद्यासमोर वाकल्या आणि अण्णांनी शिकवलेल्या तिकडच्या बोलीत तिला सकाळचा नमस्कार म्हणाल्या. तो ग असा निघाला, की म्हातारीने मान पुढे काढून अक्कांची साडी, कुंकू, कानातल्या कुड्या नीट पाहिल्या आणि भाचीला काहीतरी विचारलं.

भाचीला हसू आवरेना. "आजी विचारते, या बाई आमच्याकडच्या कुठल्या गावच्या?"

अक्का लाजल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे.

उत्तर अण्णांनी दिलं. कुणी कार्ड दाखवलं नव्हतं, कुणी शब्द सुचवला नव्हता. त्यांनी डावा हात अक्कांच्या दिशेने केला, श्वास घेतला आणि एकेक अक्षर जागेवर ठेवत म्हणाले, "अग्रहार."

त्यातला ग आपला नव्हता. मऊ होता, टाळूवरचा, त्यांच्या गावचा. मॅडमचा हात सवयीने पेनाकडे गेला. अक्कांनी तो वरच्यावर धरला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."